तारा डोक्यावरून, अंधार घरात

मुलगी अमेरिकेत फिनिक्सला असते. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही उभयता पहिल्यांदाच तिच्याकडे गेलो. बाहेर पारा चाळिशीच्या पुढे. वर्षाला पाऊस जेमतेम ७-८ इंच. आणि मुलीच्या वसाहतीत पाहावे तर हिरवीगार लॉन, कारंजी, घराघराच्या मागे पोहण्याचे तलाव! आमच्या बेळगावात पावसाळ्यात छत्री मिटायची सोय नसते आणि तरीही एप्रिल उजाडला की नळाकडे डोळे लावून बसावे लागते. मला राहवेना.

"हे पाणी येतं कुठून गं?"

"बरंचसं कोलोरॅडो नदीतून, बाबा. कालव्यानं. पाचशे किलोमीटरच्या वर लांब आहे म्हणे."

जन्म सगळा वीज खात्यात गेलेला. पुढचा प्रश्न आपोआप तोंडात आला. "उतारानं येतं की चढानं?"

"चढानं," जावई म्हणाले. "पंप आहेत मोठमोठे."

"मग पंपांना वीज कुणाची?"

याचे उत्तर दोघांकडेही नव्हते. रात्री जेवणे झाल्यावर जावयांनी संगणकावर शोधले. कालव्याचे नाव सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्ट. लांबी ५४० किलोमीटर, एकूण चढ सुमारे ८८० मीटर, आणि भरात असताना वर्षाला साधारण ६५ टीएमसी पाणी. टीएमसी म्हणजे काय हे आपल्या कृष्णाकाठच्या वाचकांना सांगायला नको. एवढे पाणी एवढे वर उचलायला वीज किती लागेल याचा हिशेब माझ्या मनात सुरू झाला. ती वीज प्रामुख्याने येत होती उत्तरेला साडेचारशे किलोमीटरवरच्या पेज या गावाजवळून. तिथे नवाहो औष्णिक केंद्र होते, २,२५० मेगावॅटचे. जमीन नवाहो आदिवासींची. कोळसा नवाहो आणि होपी या दोन जमातींच्या डोंगरातला. केंद्राची मालकी मात्र वीजकंपन्यांची, आणि त्यात जवळपास पाव हिस्सा केंद्र सरकारच्या पाटबंधारे खात्याचा.

पेजजवळच अँटिलोप कॅन्यन नावाची सुप्रसिद्ध दरी आहे. ती पाहायला जायचे आधीच ठरले होते. मी सौ.ला म्हटले, "तू दरी बघ, मी धुरांडी बघतो."

"ती फिनिक्सची"

फ्लॅगस्टाफची पाइनची झाडी मागे पडली की रस्ता खाली उतरतो आणि तांबड्या, उघड्या माळरानात शिरतो. तिथून नवाहोंचा मुलूख सुरू होतो. स्पेलिंग पाहून आपण 'नवाजो' म्हणतो, पण उच्चार नवाहो. ते स्वतःला 'दिनेह' म्हणतात, म्हणजे माणसे. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत पसरलेला हा प्रदेश सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा आहे. गोव्याच्या जवळपास १९ पट! त्यांचे स्वतःचे अध्यक्ष आहेत, कायदेमंडळ आहे, पोलीस आहेत, न्यायालये आहेत. राजधानी विंडो रॉक. आणि तरीही बहुतेक जमिनीचे विश्वस्त म्हणून कागदावर नाव आहे अमेरिकन सरकारचे. सीमेवर राहणाऱ्या माणसाला एवढे ऐकले की पुढची गुंतागुंत अर्धी कळते.

कॅमेरॉन गावाच्या पुढे रस्त्याकडेला फळ्यांचे मांडव होते. नवाहो बायका चांदीचे आणि फिरोज्याचे दागिने मांडून बसल्या होत्या. सौ. तिथे थांबली नसती तरच नवल. एका मांडवात सत्तरीच्या आजीबाई होत्या. मखमली पोलके, गळ्यात फिरोज्याची माळ. इंग्रजी बोलायला शेजारी पंधरा-सोळा वर्षांचा नातू. आजीबाईंनी त्याच्यामार्फत मला विचारले, "तुमचं कूळ कोणतं?" मी मोठ्या उत्साहाने सांगितले. मुलाने ते कसेबसे सांगितल्यावर त्या हसल्या. नातू म्हणाला, "ते वडिलांचं झालं. आजी आईचं विचारते." त्यांच्यात ओळख सांगताना आधी आईचे कूळ सांगायचे असते. एवढ्या वयात मी प्रथमच अनोळखी माणसाला माझ्या आजोळचे आडनाव सांगितले.

बोलता बोलता माझी नजर वर गेली. आमच्या डोक्यावरून ५०० केव्हीची वाहिनी गेली होती. असे मनोरे दिसले की मी चकत्या मोजतो, सवयच आहे. मागे उतारावर त्यांचे घर दिसत होते. त्याला एकही तार नव्हती. घरासमोर छोट्या ट्रकवर पाण्याची टाकी ठेवलेली.

"घरी लाईट आहे का?" मी विचारले.

आजीबाईंनी हात न हलवता ओठांनीच वरच्या तारांकडे खूण केली आणि दोन शब्द बोलल्या. नातवाने सांगितले, "ती फिनिक्सची."

आम्ही फिनिक्सहूनच आलो होतो. सौ.ने माळेचे पैसे दिले आणि आम्ही गाडीत बसलो. पुढचा तासभर मी फारसे बोललो नाही.

कारण हे वाक्य मला नवे नव्हते. नोकरीच्या काळात शेतात मनोरा उभा असलेला शेतकरी विचारायचा, "साहेब, तार माझ्या शेतातनं, मग माझ्या घरात दिवा का नाही?" मी सांगायचो, ही मोठी लाईन, हिच्यावरून घराला देता येत नाही, त्याला उपकेंद्र लागते, ट्रान्सफॉर्मर लागतो, खांब लागतात. उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. आजही बरोबर आहे. पण उपकेंद्र कुठे बांधायचे आणि कुणासाठी, हे तंत्र ठरवत नाही. ते दुसरेच कुणीतरी ठरवते. हे त्या शेतकऱ्याला सांगायचे धाडस मला कधी झाले नाही.

सही कुणाची?

परत आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागलो. जे वाचले ते थोडक्यात सांगतो.

१८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने नवाहोंना घरेदारे, पीचच्या बागा जाळून हुसकले आणि शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेले. चार वर्षांत तिथे असंख्य माणसे मेली. १८६८ मध्ये तह झाला आणि ते आपल्या मुलखात परतले. त्या वेळी ही जमीन निरुपयोगी समजली जात होती.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला शिपरॉकच्या बाजूला तेल सापडले. आता कंपन्यांना भाडेपट्टा हवा होता आणि पट्ट्यावर सही करायला कुणीतरी हवे होते. म्हणून १९२३ मध्ये सरकारी नियमाने नवाहोंची पहिली परिषद बनवण्यात आली. त्या परिषदेने पहिल्याच बैठकीत तेलाच्या पट्ट्यांवर सही करण्याचा अधिकार सरकारी आयुक्तांना देऊन टाकला. एखाद्या लोकांचे आधुनिक सरकार जन्मालाच यावे ते तेलाच्या कागदासाठी, असे उदाहरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

१९३० च्या दशकात कोलोरॅडो नदीवर हूवर धरण बांधले जात होते. नवाहोंच्या मेंढ्यांमुळे माळ उघडे पडतात आणि माती वाहून येऊन धरण गाळाने भरेल, अशी भीती अधिकाऱ्यांना वाटली. मग सरकारने त्यांच्या मेंढ्या-शेळ्या सक्तीने कमी केल्या. पुष्कळ जनावरे तर जागच्या जागी मारून टाकली. ज्या समाजात मेंढ्या हेच बायकांचे स्त्रीधन, तिथे हा घाव किती खोल गेला असेल! धरणाची वीज मात्र लॉस एंजेलिसला गेली.

१९६४ मध्ये ब्लॅक मेसा या डोंगरातल्या कोळशाचा पट्टा पीबॉडी कंपनीला मिळाला. १९६६ मध्ये होपींनीही करार केला. होपींचे वकील जॉन बॉयडन त्याच काळात पीबॉडीसाठीही काम करत होते, हे पुढे जुन्या कागदपत्रांतून उघड झाले. नवाहोंच्या करारात स्वामित्वधन ठरले ते टनामागे जास्तीत जास्त साडेसदतीस सेंट. ही रक्कम वर्षानुवर्षे तशीच राहिली. वीस वर्षांनी कोळशाचा भाव वाढला तेव्हा ती विक्रीच्या जेमतेम २ टक्के भरत होती. सरकारी जमिनीवरच्या खुल्या खाणींतील कोळशाला काँग्रेसने १९७६ मध्येच किमान साडेबारा टक्के ठरवून दिले होते.

१९८४ मध्ये दर बदलायची संधी आली. सरकारच्या स्थानिक अधिकाऱ्याने २० टक्के दर ठरवला. पीबॉडीने अपील केले. ते अपील चालू असताना कंपनीचा माणूस गृहमंत्री डोनाल्ड होडेल यांना एकटा जाऊन भेटला. अमेरिकेत गृहखाते म्हणजे पोलिसांचे खाते नव्हे. जमीन, खनिजे आणि आदिवासी यांचा कारभार ते पाहते. म्हणजे विश्वस्तच म्हणायचे! या भेटीची नवाहोंना खबरही नव्हती. निर्णय रोखून धरला गेला, दोन्ही पक्षांना आपसात मिटवा म्हणून सांगण्यात आले, आणि पैशांची निकड असलेल्या नवाहोंनी अखेर साडेबारा टक्क्यांवर मान तुकवली. त्यांनी पुढे ६० कोटी डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी आणि २००९ मध्ये पुन्हा एकदा त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. विश्वस्त चुकला असेल, पण त्याला जबाबदार धरणारा कायदा नाही, असा त्या निकालांचा आपल्या भाषेतला अर्थ.

पाण्याचेही तेच. पेजच्या केंद्राला थंड करायला पॉवेल जलाशयातून वर्षाला एक टीएमसीहून जास्त पाणी लागायचे. त्यासाठी १९६८ मध्ये नवाहो परिषदेने ठराव करून आपल्या पाण्याच्या हक्काला मुरड घातली. त्याच सुमारास ग्रँड कॅन्यनमध्ये दोन धरणे बांधून पंपांना वीज द्यायची योजना होती. तिला पर्यावरणवाद्यांनी देशभर विरोध केला आणि ती रद्द झाली. कॅन्यन वाचले, हे फार चांगले झाले. पण त्याच्या बदली नवाहोंचा डोंगर खणला गेला, हे फिनिक्समध्ये फार थोड्यांना ठाऊक आहे.

एका घरात दोन मते

पुन्हा २०१८ च्या त्या प्रवासाकडे येतो. दरी पाहायला नवाहो वाटाड्याबरोबरच जावे लागते. आमचा वाटाड्या पंचविशीचा, हसरा पोरगा. दरी खरोखर अपूर्व आहे. तिच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून मी लिहीत नाही. बाहेर वाहनतळावर आलो तर समोर ती तीन धुरांडी. प्रत्येकाची उंची ७७५ फूट. रोज २० हजार टनांहून अधिक कोळसा जाळणारे केंद्र. तो कोळसा सव्वाशे किलोमीटरवरच्या केयेंटा खाणीतून विजेवर चालणाऱ्या खास रेल्वेने यायचा. मी वीज खात्यातला आहे हे कळताच पोरगा खुलला.

"माझे वडील तिथंच आहेत, फिटर. सव्वीस वर्षं झाली. त्यांच्या पगारावर आम्ही तिघं भावंडं कॉलेजात गेलो."

"म्हणजे केंद्र चांगलं म्हणायचं."

"माझी आजी ब्लॅक मेसावर राहते. तिच्या घराजवळचा झरा आटला. ती म्हणते, तुझ्या बापाच्या पगाराला माझ्या झऱ्याचं पाणी लागलंय. सणाला एकत्र जेवायला बसलो की दोघं या विषयावर बोलत नाहीत."

आजीचे म्हणणे हवेतले नव्हते. ब्लॅक मेसावर दोन खाणी होत्या. केयेंटाचा कोळसा रेल्वेने जायचा. दुसऱ्या खाणीतला कोळसा १९७० पासून भुकटी करून, पाण्यात कालवून, ४४० किलोमीटर लांबीच्या नळातून नेवाडातल्या मोहावी केंद्राला पाठवत. कोळसा वाहायला पिण्याचे पाणी! भूगर्भातल्या चांगल्या पाण्याचा उपसा वर्षाला १०० कोटी गॅलनांहून जास्त. ज्या मुलखात आजही सुमारे तीस टक्के घरांत नळ नाही, जिथे लोक ट्रकमध्ये टाक्या टाकून पाणी आणतात, तिथली ही गोष्ट. नवाहो आणि होपी तरुणांनी याविरुद्ध आवाज उठवला. २००५ च्या अखेरीस मोहावी केंद्र बंद पडले तेव्हा तो नळही थांबला.

पण बापाचे म्हणणेही खोटे नव्हते. केंद्रात आणि खाणीत मिळून शेकडो नोकऱ्या, बहुतेक नवाहोंनाच. त्या भागात दुसरा रोजगार कुठला? सरकारच्या तिजोरीत कोळशाचे कोट्यवधी डॉलर यायचे. शेजारच्या होपींचा तर बहुतेक कारभारच त्या पैशावर चालायचा. थंडीत खाणीवरून कोळसा आणून लोक घर गरम ठेवायचे. बाहेरून येणारा माणूस पटकन एका बाजूला उभा राहतो. त्या पोराला तशी सोय नव्हती, दोन्ही बाजू त्याच्याच घरात होत्या.

बंदी आणि पिवळी माती

आजीबाईंच्या घराला तार का नाही, याचे आणखी एक कारण मला नंतर समजले. नवाहो आणि होपींच्या जमिनीच्या वादामुळे १९६६ मध्ये आदिवासी खात्याचे आयुक्त रॉबर्ट बेनेट यांनी पश्चिमेकडच्या सुमारे १५ लाख एकरांत बांधकामावर बंदी घातली. कॅमेरॉन त्यातच येते. दोन्ही जमातींची संमती असल्याशिवाय नवे घर नाही, रस्ता नाही, पाण्याची वाहिनी नाही, विजेचा खांब नाही. छपराची दुरुस्तीसुद्धा अडायची. ही बंदी कायमची उठली २००९ मध्ये! त्रेचाळीस वर्षे माणसांनी छपराला हात लावायचा नाही, आणि याच काळात त्याच आकाशातून ५०० केव्हीची वाहिनी मात्र गेली.

कॅमेरॉनच्या आजूबाजूला युरेनियमच्या उघड्या खाणीही आहेत. १९४४ ते १९८६ या काळात नवाहो मुलखातून जवळपास ३ कोटी टन युरेनियम खनिज काढले गेले, आधी अणुबॉम्बसाठी, नंतर अणुभट्ट्यांसाठीही. नवाहो भाषेत त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ पिवळी माती. खाणकामगारांना धोका सांगितला गेला नाही. सरकारी आरोग्य खाते १९५० पासून त्यांची तपासणी करत होते, नोंदी ठेवत होते, पण धुळीने काय होते हे त्यांना सांगत नव्हते. माणसे फुप्फुसाच्या कर्करोगाने गेली. सोडून दिलेल्या पाचशेहून जास्त खाणी अजून आहेत. पावसाचे पाणी साठलेल्या खड्ड्यांत मुले पोहली, मेंढ्या पाणी प्याल्या.

१६ जुलै १९७९ रोजी न्यू मेक्सिकोत चर्च रॉक इथे युरेनियम गिरणीच्या टाकाऊ पाण्याचा बांध फुटला. साडेपस्तीस कोटी लिटर किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये थ्री माइल आयलंडचा अपघात झाला होता आणि त्याची बातमी आपल्याकडच्या पेपरांतही पहिल्या पानावर होती. चर्च रॉकचे नाव मी २०१८ पर्यंत ऐकलेही नव्हते.

१९९० मध्ये खाणकामगारांना भरपाई देणारा कायदा झाला. २००५ मध्ये नवाहोंनी आपल्या भूमीवर युरेनियम काढण्यावर बंदी घातली. पण रस्ता त्यांच्या हातात नव्हता. ३० जुलै २०२४ रोजी ग्रँड कॅन्यनजवळच्या खाणीतले खनिज घेऊन ट्रक याच ८९ क्रमांकाच्या रस्त्याने युटाकडे गेले. नवाहोंचे अध्यक्ष बू नायग्रेन यांनी ते अडवायला पोलीस धाडले, तोवर ट्रक निघून गेले होते. अखेर जानेवारी २०२५ मध्ये कंपनीशी करार झाला. वाहतुकीवर अटी आल्या आणि जुन्या खाणींचा १० हजार टनांपर्यंतचा कचरा कंपनीने उचलून न्यायचा असे ठरले. भरपाईचा कायदा तर जून २०२४ मध्ये मुदत संपून बंदच पडला होता. तो जुलै २०२५ मध्ये पुन्हा जिवंत झाला.

धुरांडी पडली, प्रश्न उभाच

नैसर्गिक वायू स्वस्त झाला आणि कोळशाची वीज महाग पडू लागली. मालक कंपन्यांनी २०१७ मध्येच केंद्र बंद करायचे ठरवले. नवाहोंच्याच सरकारी ऊर्जा कंपनीने ते विकत घ्यावे असा प्रस्ताव पुढे आला. २०१९ च्या मार्चमध्ये त्यांच्या कायदेमंडळात यावर कडाक्याची चर्चा होऊन थोड्या मतांनी तो फेटाळला गेला. पुढच्याच महिन्यात तेव्हाचे अध्यक्ष जोनाथन नेझ यांनी सौरऊर्जेकडे वळण्याची घोषणा केली. आणि त्याच वर्षी त्या ऊर्जा कंपनीने दूरच्या वायोमिंग-मोंटानातल्या कोळसा खाणी विकत घेतल्या! १८ नोव्हेंबर २०१९ ला केंद्र थांबले. १८ डिसेंबर २०२० रोजी तिन्ही धुरांडी सुरुंग लावून पाडली.

२०२४ च्या एप्रिलमध्ये आम्ही पुन्हा गेलो. वाहनतळावरून पाहिले तर आकाश मोकळे. तो वाटाड्या पोरगा भेटला. लग्न झाले होते, एक मुलगी होती. वडिलांना वीजकंपनीने फिनिक्सकडच्या कामावर घेतले, ते दर आठवड्याला साडेचारशे किलोमीटर ये-जा करत. आजीच्या झऱ्याचे विचारले तर म्हणाला, "अजून वाट बघते." थोडे थांबून म्हणाला, "आता दोघं जेवताना बोलतात. पण आता बोलायला धुरांडी नाहीत."

कोळसा गेला म्हणून राजकारण गेले, असे नाही. न्यू मेक्सिकोत चाको या प्राचीन वास्तूंभोवती दहा मैलांच्या आत तेल आणि वायूचे नवे पट्टे द्यायचे नाहीत, असा आदेश जून २०२३ मध्ये गृहमंत्री डेब हालांड यांनी काढला. त्या स्वतः लगुना पुएब्लो जमातीच्या. पुएब्लो लोकांना तो आदेश हवा होता. पण तिथल्या कित्येक नवाहो कुटुंबांचे घर तेलाच्या स्वामित्वधनावर चालते. त्यांनी विरोध केला आणि २०२५ च्या जानेवारीत नवाहो सरकार न्यायालयात गेले. एप्रिल २०२५ मध्ये वॉशिंग्टनला कोळशाला उत्तेजन देणाऱ्या आदेशांवर सह्या झाल्या, तेव्हा नायग्रेन तिथे हजर होते. त्यांच्याच लोकांपैकी काहींना ते पटले, काहींना मुळीच नाही. आणि पाणी? २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले, की नवाहोंसाठी पाण्याची तजवीज करण्याचे बंधन १८६८ च्या तहाने सरकारवर घातलेले नाही.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. १९२३ मध्ये सही दुसऱ्याने केली. आता चूक असो वा बरोबर, भांडण त्यांचे आहे आणि पुष्कळ कागदांवर सहीही त्यांची आहे. १९५९ मध्ये स्थापन झालेले त्यांचे स्वतःचे वीज मंडळ आहे. त्याने केयेंटाजवळ २०१७ मध्ये २७ मेगावॅटचे सौरकेंद्र उभारले आणि २०१९ मध्ये दुप्पट केले. तरीही त्या सुमारास साधारण १५ हजार घरे विजेविना होती. घरे मैल मैल अंतरावर. एका जोडणीला सरासरी ४० हजार डॉलरच्या आसपास खर्च. त्यात जागेचा पट्टा, चराईहक्क असलेल्या शेजाऱ्यांची संमती, सरकारी मंजुरी असे कागदामागून कागद.

२०१९ मध्ये 'लाइट अप नवाहो' नावाचा उपक्रम सुरू झाला. अमेरिकेतल्या ठिकठिकाणच्या सार्वजनिक वीज संस्थांचे लाईनमन आपापल्या गाड्या आणि अवजारे घेऊन येतात, काही आठवडे राबतात आणि स्थानिक लाईनमनांच्या बरोबरीने खांब उभे करून तारा ओढतात. पहिल्याच वर्षी दोनशेहून अधिक घरांत दिवे लागले. करोनाने खंड पडला, पण पुढे पुन्हा सुरू झाला. हे वाचून मला माझे जुने सहकारी आठवले. खेड्यात पहिला दिवा लागतो त्या संध्याकाळी लाईनमनला जो चहा मिळतो, त्याची चव दुसऱ्या चहाला नसते.

खुंट्या

परतताना कॅमेरॉनच्या पुढे आजीबाईंचा मांडव शोधला. आजीबाई होत्या. नातू आता विशी ओलांडलेला. सौ.च्या गळ्यातली माळ आजीबाईंनी ओळखली. या वेळी मी विचारायच्या आधीच माझी नजर घराकडे गेली. रस्त्यापासून घरापर्यंत ठरावीक अंतरावर जमिनीत लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या, वर रंगीत फीत बांधलेली.

"सर्व्हे झाला वाटतं!" मी जवळजवळ ओरडलोच.

नातवाला आश्चर्य वाटले. "तुम्हाला कसं कळलं? दोन वर्षं झाली. जागेचा कागद झाला, शेजाऱ्यांची सही झाली. आता खांब कधी येतात ते बघायचं."

मी खुंटी खुंटीपाशी जाऊन पाहिले. एक मेंढ्यांनी पाडली होती, ती सरळ केली. त्याला म्हटले, "ह्या सांभाळ. खुंट्या गेल्या की पुन्हा मोजणी, पुन्हा रांग." हे मात्र जगात सगळीकडे सारखेच असते. आजीबाईंनी काहीतरी विचारले. नातू म्हणाला, "आजी विचारते, तुम्ही कोणत्या कंपनीचे?" मी म्हटले, "सांग, मी फिनिक्सचा नाही." त्या मोकळेपणाने हसल्या. पण ते पूर्ण खरे नव्हते. त्या रात्री मी पुन्हा त्याच घरात, त्याच नळाचे पाणी प्यालो.

मुलीने नातवाचा फोन नंबर घेऊन ठेवला आहे. मीटर बसला की त्याने फोटो पाठवायचा, असे ठरले आहे. दर रविवारी तिचा फोन येतो. घरची विचारपूस झाली की मी विचारतो, "आजीबाईंचा मीटर बसला का गं?"

"नाही बाबा, अजून नाही. पण खुंट्या आहेत म्हणाला."